हुजूर पक्षाचा कोट

कोटावरून माणसाचा पक्ष ओळखता येतो, असं मला एके काळी ठाम वाटायचं. ऐंशीच्या दशकात आमच्या शहरातल्या लायब्ररीत मी पुस्तकं लावायचं काम करायचे आणि स्वतःला राजकारणातली मोठी जाणकार समजायचे. ब्रिटनचे पक्ष तर मराठी पेपरांनी पाठच करून घेतले होते: कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे हुजूर, लेबर म्हणजे मजूर.

दर गुरुवारी एक इंग्रज आजोबा लंडनचा शिळा पेपर वाचायला यायचे. इस्त्रीचा कोट, टाय, लखलखीत बूट. पान उलटतानासुद्धा आवाज करायचे नाहीत. म्हटलं, हे हुजूरच!

तिकडची निवडणूक झाल्यावर ते मतदारसंघांच्या यादीवरून बोट फिरवत बसले होते. मी ऐटीत म्हणाले, "अभिनंदन! तुमचा पक्ष जिंकला!"

बोट थांबलं. "मी लेबरचा," ते म्हणाले. "मुलीकडे इथे भारतात येईपर्यंत तीस वर्षं तिकडे आमच्या गावात दारोदार प्रचार केला. या खेपेला तरी गाव आमचं होईल वाटलं होतं. पुन्हा हरलो."

मी शरमेनं लाल झाले, पण जीभ कुठली गप्प बसायला! "एकदाही जिंकला नाहीत? मग तीस वर्षं फिरलात कशाला?"

एका आगाऊ पोरीला उत्तर द्यायला ते खुर्चीतून उठून उभे राहिले. एवढी मोठी हार इतक्या ताठ मानेनं उभी राहिलेली मी तोवर पाहिली नव्हती.

"आम्ही दार ठोठावतो, म्हणून जिंकणाऱ्यांनाही लोकांच्या दारात यावं लागतं, बाई."