राजाच्या तोंडचं कडवं

रास्मिनी दवाखान्यात सुईण होती. बालीतल्या त्या गावात देवळाचा उत्सव असला की मंडपात महाकाव्य वाचत. म्हातारे सुवेचाकाका जावा बेटावरच्या जुन्या भाषेतली एकेक ओळ गात आणि रास्मिनी माइकवर तिचा अर्थ सोप्या बाली भाषेत सांगे. सासरे गेल्यावर हे काम तिच्याकडे आलं. हौसेनं तिनं पोथी घरी नेऊन सबंध वाचली आणि तिथेच माशी शिंकली.

"चांदण्यावर पानंच्या पानं," ती नवऱ्यावर करवादली, "माकडांच्या उड्यांवर पानंच्या पानं! आणि राणीला आगीत घालायची वेळ आली, तेव्हा तिला काय वाटलं हे विचारायला कुणाला सवड नाही!"

"अगं, पोथी आहे ती. भांडतेस कुणाशी?"

"तेच तर! भांडायला समोर कुणी नाही."

उत्सवात ते कडवं आलं. राजा चारचौघांत राणीवर संशय घेतो. काकांनी ते भरभर उरकलं. रास्मिनीनं अर्थ सांगितला, "राजा म्हणाला, परक्याच्या घरी राहिलीस, आता तू मला नकोस." आणि पुढे जोडलं, "हे बोलताना त्याची जीभ अडखळली नाही."

पुजारी खेकसले, "शेवटचं कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं. म्हणून तर जीव जळतो!"

पुजाऱ्यांनी माइक तिच्या हातातून काढून दुसऱ्याला दिला. ती नैवेद्याच्या परड्या विणणाऱ्या बायकांत जाऊन बसली. रागानं तिच्या हातातली नारळाची झावळी फाटत होती.

वाचन संपल्यावर काका कॉफी घेऊन आले. "ते कडवं मी पळवतो, ते काय उगाच? चाळीस वर्षं घशात अडकतंय."

"मग आजवर बोलला का नाहीत?"

"मी गाणारा, पोरी. अर्थ सांगणारे तुझे सासरे. त्यांना ते गोड वाटायचं."

"पुढच्या खेपेला सावकाश गा," ती तुटकपणे म्हणाली.

पुढच्या उत्सवाला तिनं काही जोडायचं नाही, या अटीवर पुजाऱ्यांनी माइक दिला. काकांनी ते कडवं शब्द शब्द लांबवून गायलं. रास्मिनीनं जसंच्या तसं सांगितलं, पदरचं काही घातलं नाही. परड्या विणणाऱ्या बायकांचे हात थांबले. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "मेल्या, सगळ्यांसमोर?"

पुजाऱ्यांना पोथीत बोट ठेवायला जागा नव्हती. रास्मिनीला वाटलं होतं, आता तरी बरं वाटेल. कुठलं काय! पुढची ओळ चांदण्याची होती आणि तीही तिलाच सांगायची होती.