चार पेन्सिली, चार तोंडं

दुसऱ्याच्या नाकावर पोट भरणारी माणसं स्वतःच्या नाकाबद्दल किती हळवी असतात, हे बघायचं असेल तर रविवारी सकाळी गारखेड्यात देशमुख सरांच्या गच्चीवर या. आम्ही चार व्यंगचित्रकार तिथं एकमेकांना काढतो. नियम एकच, आपल्या चित्रावर रुसायचं नाही. दर वेळी कुणीतरी रुसतंच, म्हणून तर इतके किस्से साठलेत.

सर रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. डोक्याला केसांचा टोप लावतात. सगळ्या गल्लीला माहीत, पण बोलायची हिंमत कुणाची नाही. एकदा त्यांना वर यायला उशीर झाला. सलीमभाई, आमचा साइनबोर्ड पेंटर, त्यानं तेवढ्यात रिकामी खुर्ची काढली आणि खुर्चीवर नुसते केस. सरांनी विचारलं, यात मी कुठंय?

"तुम्ही अजून आंघोळीला आहात, सर. ये जरा जल्दी आ गए."

सर दोन रविवार बोलले नाहीत.

आमच्यातला चौथा बिडकीनचा कडुबा. त्याची जमीन कंपन्यांच्या पट्ट्यात गेली, मोबदल्याचा पैसा आला आणि कडुबा मोठ्या गाडीतून यायला लागला. आम्ही तिघांनीही कागदभर गाडी काढली, काचेआड कडुबाचा ठिपका. आता भडकणार म्हणून वाट बघत बसलो. त्यानं तिन्ही चित्रं निरखली.

"लई भारी. पण कलर पांढरा नाय, मोतिया हाय."

एका रविवारी वॉर्डातले एक पुढारी स्वतःहून आले, मलाही काढा म्हणाले. चित्र बघून तोंड पडलं. एवढं पोट आहे का माझं?

सलीमभाई अदबीनं म्हणाला, "साहेब, हे मागच्या इलेक्शनच्या आधीचं आहे."

एकदा मी सरांना बिनकानाचं काढलं होतं. वहिनी, म्हणजे सरांच्या मिसेस, चहा घेऊन आल्या, चित्र बघून थबकल्या. म्हणाल्या, "हे कळायला माझा निम्मा संसार गेला." चित्र त्यांनी फ्रिजवर चिकटवलं.

मग सलीमभाईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, तोंड एका बाजूला ओघळलं. बऱ्याच महिन्यांनी तो मुलाच्या आधारानं जिना चढून आला. आम्ही पेन्सिली काढल्या आणि तिघांनीही त्याला काढलं. सरळ ओठ, तजेलदार गाल, लग्नातल्या फोटोसारखा.

त्यानं तिन्ही कागद मांडीवर घेऊन बघितले. मग एकेक शब्द ओढत म्हणाला, "मैं... मर गया क्या रे?"

सरांनी नवा कागद घेतला. त्याचं वाकडं तोंड त्यांनी थेट कानापर्यंत ओढलं.

सलीमभाईनं डाव्या हातानं कागद जवळ ओढला.

"लाळ राहिली, सर."