कानबाईचे सरकारी रोट

आमच्या घराण्यात आजवर कानबाईचे जेवढे रोट झाले, त्यांपैकी फक्त एका वर्षीचे सरकारी होते.

त्या वेळी मी अमळनेर तालुक्यातल्या आमच्याच गावी लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होतो. गाव बोरीच्या काठी. श्रावण लागला की निम्मा वर्ग हिवतापाने घोंगड्यांखाली कुडकुडायचा आणि उरलेला निम्मा आपली पाळी कधी येते याची वाट बघायचा. त्या वर्षी वरून हुकूम आला, की मास्तरांनी रोज समक्ष प्रत्येक मुलाला चिमूटभर कोयनेल, म्हणजे हिवतापावरचे क्विनाइन, द्यावे. हुकमाबरोबर पांढऱ्या भुकटीचा एक पत्र्याचा डबा आणि सह्या करायची वहीही आली.

कोयनेल ज्यांनी चाखलेलं नाही त्यांना कडू म्हणजे काय ते सांगणं अवघड आहे. कारलं त्यापुढे श्रीखंड! मुलं ते गिळायची सोडून सगळं करायची. कुणी गालात धरायचा, कुणी जिभेखाली, आणि सुकलाल नावाचा एक महाभाग तर कोयनेल तोंडात ठेवून एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवायचा आणि मग बाहेर जाऊन थुंकायचा. पण मीही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हतो. मी एक कवायत बसवली होती. "गिळा. आ करा. जीभ वर करा. डावा गाल. उजवा गाल." आठवड्याभरात माझ्या नजरेतून चिमूटही सुटेना. डिपुटीसाहेब गुरुवारी तपासणीला येणार होते, आणि ही कवायत बघून ते मला थेट हेडमास्तर करतील याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

शाळेचं छप्पर मात्र गळत होतं. भुकटीला ओल लागायला लागली, म्हणून शनिवारी मी डबा घरी आणला आणि घरातलं सगळ्यात घट्ट झाकणाचं भांडं शोधलं. तो होता स्वयंपाकघरातला पिठीचा पितळी डबा, पोळी लाटताना लावायच्या पिठीचा. तळाशी उरलेली मूठभर पिठी मी काढून ठेवली, कोयनेल आत ओतलं, आणि वरून कागद चिकटवून ठळक, वळणदार अक्षरांत लिहिलं : 'कोयनेल. शाळेचे. कोणीही हात लावू नये.' (अक्षर माझं आजही चांगलं आहे.) मग डबा पुन्हा जागच्या जागी ठेवून दिला. आमच्या स्वयंपाकघरात वावरणाऱ्या एकाही बाईला वाचता येत नाही, ही गोष्ट त्या वेळी मला सुचली नाही. त्याच महिन्यात स्त्रीशिक्षणावर चावडीसमोर माझं तासभर भाषण झालं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार, आणि कानबाई. कानबाई आमची कुळाची देवी. तिच्या रोटांचे गहू घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ मोजून घेतात. ते रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही, वाया घालवायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. माझी बायको यमुना त्या वर्षी पहिल्यांदाच रोट लाटायला बसली होती. सासूने तो मान दिला म्हणून भलतीच खूश होती, आणि रोट पाटाला चिकटू नयेत म्हणून सढळ हाताने पिठी लावत होती.

पंगत बसली. खीर, गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी आणि रोट. ओसरीवर सगळ्यांनी पहिला घास घेतला. तीस माणसं नुसती चावत होती. देवीच्या प्रसादाला कडू म्हणायची कुणाची छाती होईना. प्रत्येकाला वाटलं, हे आपल्यालाच कडू लागतंय आणि याला कारण आपलंच काहीतरी पाप आहे.

शेवटी चुलतचुलते नाना ताटावर हात ठेवून माझ्या वडिलांना म्हणाले, "आबा, मन्हाथून गुन्हा व्हयना. वावरना बांध मी हातभर सरकाडा व्हता."

"म्हाईत शे माले," आबा म्हणाले. "रोट खा. बांध मंग देखसूत."

मग आणखी दोघांनी काहीबाही कबूल केलं. एकाने तर गेल्या पोळ्याच्या बैलाची गोष्ट काढली, ती आबांनी बायका ऐकताहेत म्हणून थांबवली. मी मात्र पहिल्याच घासाला चव ओळखली होती. मी उठून चुलीपाशी गेलो.

"पिठी कुठल्या डब्यातली घेतलीस?" (मास्तर झाल्यापासून मी घरातही पुस्तकी बोलत असे.)

"पिठीना डबामातली," यमुना म्हणाली. "दुसरी कोठली लेऊ?"

"अगं, त्यावर लिहिलं होतं ना!"

तिने डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "माले वाचता येस का? तुमीच सांगा."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मला आजही बोचतं. मी डबा उघडला. तळाशी बोटभर भुकटी उरली होती. गुरुवारी डिपुटी, सोमवारी शाळा, आणि तापातून उठलेली बारा पोरं माझ्या चिमटीची वाट बघणार. त्यांचं औषध माझ्या भाऊबंदांच्या पोटात होतं.

मी पाटीवर हिशेब मांडला. माणशी फार तर दीड पोराचं औषध जात होतं, जिवाला धोका नव्हता. मग जाऊन आबांच्या कानात सगळं सांगितलं.

"जहर शे का?" आबांनी विचारलं.

"नाही. औषध आहे, तापाचं."

"मंग खावामा काय हरकत शे?" आणि त्यांनी पंगतीला मोठ्याने सांगितलं, "मास्तरनी शाळानं औषध रोटले लागी गयं शे. सूनबाईनी चूक नही. बठ्ठा रोट संपाडाना."

नानांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बांध कबूल करून बसले होते!

आणि रोट संपले. दोन दिवस लागले, पण एक तुकडा उरला नाही. म्हातारी माणसं डोळे मिटून खात होती, लहान पोरं खिरीत बुडवून खात होती. दुसऱ्या दिवशी निम्म्या घराच्या कानात घंटा वाजायला लागली. कोयनेलाने तसं होतं. माझी माय म्हणाली, "वाजू द्या. देवी बोली ऱ्हायनी." माझ्या कुळाचा मला आयुष्यात इतका अभिमान कधी वाटला नव्हता. मी स्वतः काय केलं ते पुढे सांगतो.

सोमवारी देवीचं विसर्जन झालं आणि मंगळवारी आबांनी गाडी जुंपली. अमळनेरला दवाखान्यात मी डॉक्टरांसमोर उभा राहून जे घडलं ते सांगितलं, पण चूक गळक्या छपरावर ढकलली. आबाच म्हणाले, "साहेब, चूक मन्हा पोऱ्यानी शे. मातर शाळाना पोरेसनी काय चूक करी? त्यास्ले औषध द्या." डॉक्टर आधी खो खो हसले, मग डबा भरून दिला.

गुरुवारी डिपुटीसाहेब आले. त्यांच्यासमोर कोयनेलचं वाटप सुरू करणार, तोच दारातून आबा आत आले. फेटा सारखा केला, डब्यातली चिमूट घेतली, जिभेवर टाकली आणि गिळली. तोंड जराही वाकडं केलं नाही. मग वर्गाकडे वळून सत्तरीच्या त्या माणसाने आ केला, जीभ वर केली, डावा गाल दाखवला, उजवा गाल दाखवला. त्या दिवशी सगळ्या वर्गाने कोयनेल गिळलं. सुकलालनेसुद्धा! डिपुटीसाहेबांनी शेरेबुकात मास्तरांच्या शिस्तीची तारीफ लिहिली. तो शेरा मी अजून जपून ठेवला आहे. त्यात आबांचं नाव असायला हवं होतं.

यमुनेने त्याच संध्याकाळी पाटी पुढे सरकवली. "त्या डबावर काय लिखेल शे ते माले शिकाडा." पंधरा दिवसांत तिला चार अक्षरं आली, चारही त्या डब्यावरची.

त्या पावसाळ्यात रोट खाल्लेल्यांपैकी एकालाही ताप आला नाही. भाऊबंदांत तापाने फक्त एकच माणूस आडवा झाला. घरी होतं नव्हतं ते सगळं पांघरूण माझ्यावर टाकलं, तरी दात वाजत होते.

यमुना पितळी डबा घेऊन उशाशी बसली. कागदावर बोट ठेवून तिने एकेक अक्षर वाचलं, "को, य, ने, ल," आणि चिमूट माझ्या जिभेवर ठेवली.

"गिळलं," मी म्हणालो.

"रोटना भुगा तुमना कोटना खिसामा सापडना व्हता," ती शांतपणे म्हणाली. "कोट मीच धुस. जीभ वर करा."

मी जीभ वर केली.

"आते डावा गाल."

चाळीस पोरांच्या तोंडात रोज डोकावणाऱ्या मास्तरांचं कोयनेल डाव्याच गालात होतं.