दोन पावलं मागचा खण

चैत्रात कडुनिंब फुलला की त्याच्या कडसर-गोड गंधात मला अजूनही गंधकाचा वास येतो. नाकाचा दोष म्हणा हवं तर. नदीपलीकडच्या ज्या कारखान्यात मी ऐन तारुण्याची वर्षं घालवली, त्याच्या फाटकाशी कडुनिंबांची रांग होती आणि आत दगडखाणींना लागणाऱ्या सुरुंगाच्या वाती वळल्या जात. आज तिथं उंच इमारती आहेत, त्यांना परदेशी गावांची नावं आहेत, आणि झाडांपैकी एक उरलंय, तेही बहुधा विसरून.

हे सगळं वर आलं ते आमच्या शेजारच्या ईशामुळे. कॉलेजातली पोर, रोज सकाळी आपल्या शहरात या तारखेला पूर्वी काय घडलं ते फोनवर लोकांना पाठवते. जुन्या वर्तमानपत्रात तिला एक ओळ सापडली: कारखान्यात धूर, कामगार बाहेर, कोणालाही इजा नाही. “आजी, तुम्ही होतात ना तिथं? मग काय झालं त्या दिवशी?” मी म्हटलं, सांगते, पण आधी मला विश्रांतवाडीला जाऊन येऊ दे.

काय झालं ते असं. वातींच्या खोलीत धातूचा कणही चालत नसे. ठिणगीचं भय. म्हणून दाराशी भिंतीत लाकडी खण होते. प्रत्येकीनं मंगळसूत्र, बांगड्या, केसांतले आकडे रुमालात बांधून आपल्या खणात ठेवायचे आणि उघड्या गळ्यानं आत जायचं. सासूबाईंना हे कधीच रुचलं नाही. संध्याकाळी उंबऱ्यात माझ्या चेहऱ्याआधी त्या गळा बघायच्या.

त्या दुपारी भोंगा अवेळी झाला. गोदामातल्या पोत्यांतून धूर निघत होता. आम्ही बायका दाराकडे लोटलो, आणि त्या लोंढ्यात माझा खण दोन पावलं मागं राहिला. हाताशी आला तो शकूचा. शकू मूळची अमरावतीकडची, आतल्या खोलीत कामाला. आमच्याकडे मंगळसूत्राला वाट्या, तिच्याकडे डोरलं. रुमाल सोडताना बोटांना त्या डोरल्याची कडा लागली, आणि मला कळलं. नीट कळलं. तरीही मी ते गळ्यात घातलं, कारण बाहेर आमच्या घरचं कोणी उभं असेल, या भीतीपुढे मागचा धूरसुद्धा मला धाकटा वाटला.

फाटकाबाहेर शकूचा नवरा, भाऊराव, शेजारच्या कारखान्यातून धावत आला होता. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. त्यानं डोरलं पाहिलं. वाचलेल्या बाईनं मेलेलीचा दागिना आणून द्यावा, तसंच त्याला वाटलं असणार. तो मोठा माणूस तिथंच मातीत बसला. मी म्हणत राहिले, येतेय हो मागून, येतेय. येतेय की नाही, मला काय ठाऊक!

ती आली, सगळ्यांच्या मागून, पाऊण तासाएवढ्या वाटलेल्या पंधरा मिनिटांनी. गळा मोकळा. मुठीत माझा रुमाल. माझं मंगळसूत्र हाती लागूनही तिनं घातलं नव्हतं. पुढे या घोटाळ्याची गंमत झाली, हळदीकुंकवात सांगून सांगून आम्ही हसलो. घाईत बदललं, असं ती सांगायची आणि मी मान डोलवायची.

भाऊराव जाऊन आता बरीच वर्षं झाली. विश्रांतवाडीच्या घरी शकू खिडकीशी मटार सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं, बोटांना कडा लागली इथपर्यंत. तिनं दोन शेंगा सोलल्या. मग म्हणाली, “तवाच सांगतलं असतं, त भांडली असती मी. आता दम कुठं हाय? चहा ठेव.”

मी चहा ठेवला, आणून तिच्यापुढे कप केला. तेव्हा ती हळूच बोलू लागली. म्हणाली, डोरलं शोधायला दोनच मिनटं गेली होती. मग ती तिथल्या बाकावर बसून राहिली. यंत्रं बंद, साऱ्या गेलेल्या. “लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, बाई. इतका वेळ मले कोनी आवाज देल्ला नाही. उठावंच वाटे ना.”

माझ्यामुळे ती धुरात अडकली असं मानून ज्या घटकेला मी आयुष्यभर माझं पाप म्हणून उराशी धरलं, ती माझी नव्हतीच तर. धुराच्या तोंडाशी बसलेल्या एका बाईची ती एकटीची दुपार होती, आणि तिच्यातून तिला बाहेर यायचं नव्हतं. हे ईशाला कसं सांगायचं, आणि कोणत्या तारखेखाली तिनं ते मांडायचं, मला उमगेना.

शकू खिडकीबाहेर पाहत होती. सोललेले दाणे तिच्या ओच्यात तसेच होते, कपावर साय धरू लागली होती. चहा निवतोय म्हणून तिला सांगायला हवं होतं. पण मी तिला हाक मारली नाही.