बर्फातले सोले

"सोले ठिवू नोको वं पोरी. दोन दिसांत करून टाकजो, गोडी जाते."

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मोठी माय मला हे म्हणाली होती. मोठी माय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. आणि सोले म्हणजे तुरीच्या हिरव्या शेंगांतले कोवळे दाणे... इतक्या वर्षांनी तेच वाक्य गेल्या आठवड्यात पुन्हा आठवलं, आणि मान वर करवेना.

सुट्टी होती म्हणून आम्ही सीमेलगतच्या भीमपूरला तिच्याकडे गेलो होतो, आमची गाडी घेऊन. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आम्ही तिच्यात बेड, ओटा, छोटा फ्रिज असं घरच बसवून घेतलंय. हैदराबादला सोसायटीत गाडी उभी असते, तेव्हाही प्लग लावून फ्रिज चालूच ठेवतो.

भीमपूरला पोचलो तर फ्रीजरचं झाकण लागेना. दाराचं रबर ढिलं झालं होतं, आणि आत बर्फ इतका साचला होता की जेमतेम मूठ जाईल एवढीच जागा उरलेली. नवरा पेचकस घेऊन तो खरवडायला निघाला.

"काऊन टोचून राह्यले जवाईबापू? नळी फुटन ना!" मोठी माय घराच्या पायरीवरूनच ओरडली. तिच्याकडे एका दाराचा जुना फ्रिज आहे, महिन्यातून एकदा ती तो स्वतः साफ करते. तिनं बटण बंद करायला लावलं, फ्रीजरमध्ये गरम पाण्याचं पातेलं ठेवलं, खाली जुन्या लुगड्याची फडकी पसरली. मग म्हणाली, आता बसा गुमान.

गाडीच्या पायरीवरून पाणी अंगणात ठिबकायला लागलं. कोंबड्या येऊन ते पिऊ लागल्या. शेजारच्या कमलबाई गाडी बघायला आल्या आणि आत डोकावून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "संडास बी हाय का वं आत?"

"हाय ना," मोठी माय म्हणाली.

"म्हंजे ह्या लोकायले घरी याचं कामच नाई म्हना!"

सगळ्यात मोठ्यानं मोठी मायच हसली. मग अगदी कौतुकानं सांगायला लागली, "मांगल्या हिवाळ्यात म्या सोले देल्ले होते ना, जवायानं दोनदा भात घेतला. दोनदा!"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी फडकं पिळत राहिले...

इथं 'विसरले होते' असं लिहायचं माझ्या मनात होतं. पण ते खरं नाही. गेल्या जानेवारीत तिनं दिलेली सोल्यांची पिशवी मी गाडीच्या फ्रीजरमध्ये टाकली. घरी आल्यावर ती दोन-तीनदा दिसलीही. पण पाहुणे आले होते, पनीर करायचं ठरलं होतं... उद्या करू म्हटलं. मग ती मागे सरकली, आणि नंतर दिसेनाशीच झाली.

आठ दिवसांनी मोठी मायचा फोन आला, सोले केले का म्हणून. मी म्हटलं, हो, सोलेभात केला, ह्यांनी दोनदा घेतला. किती सहज बोलले मी! तेच वाक्य ती वर्षभर गल्लीत सांगत फिरत होती.

आमच्या घरात माझे वडील शिकले, मास्तर झाले, म्हणून मी शिकले. मोठी माय मात्र सत्तरीतही दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचते. दिवसभराच्या कामानंतर बसून तिनं ते सोले सोलले होते. तुरीच्या शेंगांनी बोटं काळी पडतात, नखांखाली दुखत राहतं...

तेवढ्यात मागचा बर्फाचा तुकडा सुटून फडक्यावर पडला. मोठी मायनं तो उचलला. आत हिरवं दिसत होतं, आणि पिशवीच्या तोंडाला लुगड्याच्या काठाची चिंधी बांधलेली होती. स्वतःच मारलेल्या गाठीकडे ती बघत राहिली.

"काय हाय वं ते?" कमलबाईंनी मान उंच करून विचारलं.

मोठी मायनं पदर त्यावर ओढला. "बरफ हाय. दुसरं काय राह्यते त्यात?"

मी तिच्याशी खोटं बोलले होते. आणि ती माझ्यासाठी बोलली... पदर ओला होत होता, बोटं गार पडली असतील, पण कमलबाई जाईपर्यंत तिनं तो तुकडा हातातून सोडला नाही.

नंतर मी म्हटलं, "मोठी माय, माझं चुकलं." पिशवी सुटी झाल्यावर तिनं एक दाणा तोंडात टाकला, सावकाश चावला. बाकीचे कोंबड्यांपुढे टाकले. चिंधी मात्र धुऊन दोरीवर वाळत घातली.

एरवी आम्ही निघताना ती गाडीत काय काय भरते. भाजी, शेंगा, दही... या वेळी तिनं फक्त तुरीची डाळ दिली.

"डाय देतो," म्हणाली. "हे खराब नाई होत."

रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती काळजीनंच म्हणाली.

ही पोस्ट भीमपूरलाच राहणारी माझी भाची मोठी मायला वाचून दाखवणार आहे. ती तेलुगू मीडियमला शिकते, मराठी अक्षरं लावत लावत वाचते. म्हणून वाक्यं छोटी ठेवली आहेत.

मोठी माय, पूस महिन्यात तुरी भरल्या की मला बोलावशील? गाडी आणणार नाही, बसनं येईन. तुझ्याशेजारी बसून सोले सोलेन आणि तिथंच, तुझ्यासमोर, गरम गरम खाईन. तू म्हणशील, नोको, तुले टाइम कुठं राह्यते. मला माहीत आहे, तू असंच म्हणशील.

तरी विचारते... येऊ का?