दुपारची भेट

शिंपीकाकांना कौतुकाची भारी हौस. त्यांचं मशीन खिडकीशी होतं आणि शेजारीच माशांची काचेची पेटी. दुपारी ऊन चढलं की सगळे मासे वर येऊन तोंडं उघडायचे. काका गिऱ्हाइकाचं माप अर्धवट सोडून सांगायचे, "बघा, मला भेटायला आलेत. बायकोनं माझ्याकडे इतक्या प्रेमानं कधी पाहिलं नाही."

"त्यांना तुमचे कपडे धुवायचे नसतात," काकू आतून म्हणायच्या.

एका दुपारी सुनेनं सहज पेटीत बोट घातलं. "बाबा, पाणी कोमट झालंय. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. जीव गुदमरतो म्हणून ते वर येतात."

काकांचं तोंड एवढंसं झालं. पण त्यांनी हातातली कात्री ठेवली, अर्धं पाणी उपसलं आणि सुनेला हाताशी घेऊन पेटी सावलीच्या कोपऱ्यात हलवून ताजं पाणी भरलं. त्यानंतर मासे तळाशी मजेत फिरू लागले, काकांकडे ढुंकूनही बघेनात.

"माजलेत लेकाचे," काका खुशीत म्हणायचे.

पुढे एकदा रेडिओवर बातमी लागली. समुद्र तापतोय, खोल पाण्यातला प्राणवायू घटतोय, म्हणून मासे वरच्या पाण्यात दाटी करतायत. मच्छीमारांची जाळी भरभरून येतायत आणि बंदरावर सगळे खूश आहेत.

"चला, मासळी स्वस्त होईल," काकू म्हणाल्या.

काकांनी मशीन थांबवलं आणि कोपऱ्यातल्या पेटीकडे पाहिलं.

"त्या मच्छीमारांनाही वाटत असेल," ते म्हणाले, "मासे आपल्याला भेटायला आलेत."