जळक्या भिंतीमागची भातुकली

त्या तपासाची कागदपत्रे मी केव्हाच दप्तरी जमा केली. घटना मात्र आजही आठवते. युद्धाचे दिवस होते. मी नंदुरबार भागात फौजदार होतो. एका गावात मिरवणुकीवरून हिंदू-मुसलमानांत दगडफेक झाली आणि चौथ्या दिवशी, भर बाजाराच्या दुपारी, कापूस पिंजणाऱ्या एका मुसलमान पिंजाऱ्याचे घर जळाले. त्याची म्हातारी आई आत होती. ती वाचली नाही.

शेजारच्या हिंदू शेतकऱ्याने खबर दिली : पिंजाऱ्याचा धाकटा भाऊ घराच्या वाट्यावरून भांडत होता, त्यानेच पेटवले असणार. मी भावाला कोठडीत घातले. तो एकच सांगे, "साहेब, मन्ही माय व्हती ती." असे रडणारे मी पुष्कळ पाहिले होते. गुन्हा शाबित झाला असता तर त्याला फाशीही झाली असती.

माझ्या वहीत प्रत्येक जबाबापुढे तीन रकाने असत : कोण, कुठे होता, कोणी पाहिले. शेजाऱ्यापुढे लिहिले होते, सकाळच्या गाडीने खांडबाऱ्याला, मेहुण्याकडे. तिसरा रकाना रिकामाच राहिला होता.

पुन्हा जागा पाहायला गेलो, तर जळक्या भिंतीमागे सात-आठ वर्षांच्या दोन मुली भातुकली खेळत होत्या. एक पिंजाऱ्याची, एक शेजाऱ्याची. दगडफेकीपासून दोन्ही घरांत बोलणे बंद होते, म्हणून लपून.

"रोज मीच का बाप बनू वं?" पिंजाऱ्याची मुलगी कुरकुरली.

"तुले रांधता येत नही. चाल, घर ये." मग शेजाऱ्याच्या मुलीने आईचा आवाज काढला. "हात माती लाईसन धोवा व्हो, रॉकेलना वास ई ऱ्हायना. कोणी इचारं ते सांगज्यात, खांडबाराले गयथू."

रॉकेलचा वास घालवायला पिंजाऱ्याच्या मुलीने हातांना माती चोळली. तेवढ्यात दुसरीची नजर माझ्यावर पडली.

मी मुलींना काही विचारले नाही. सरळ खांडबारा गाठले. मेहुण्याने जबाब दिला, पाहुणा दिवेलागणीच्या गाडीने आला. तो कागद वाचून दाखवल्यावर शेजारी कबूल झाला.

"घर पेटाडनं व्हतं, साहेब. म्हातारी बाजारमा गयी, असं वाटनं." मग त्याने विचारले, "तुमले कोणी सांगं?"

"तुझ्या मेहुण्याने," मी म्हणालो.

भावाला सोडले. शेजाऱ्याला बेड्या घालून नेत असताना त्याची मुलगी माझ्यामागे धावत आली.

"साहेब, आमी ते खेयी ऱ्हायंतूत. ते खरं नही."

निर्दोष माणूस सुटला, तपास बरोबर झाला, याबद्दल मला शंका नाही. पण मोठ्यांनी टाकलेले बोलणे त्या दोघींनी चालू ठेवले होते, ते माझ्या हातून बंद पडले. पुढे नव्या फौजदारांना मी तपासाच्या पुष्कळ युक्त्या शिकवल्या. मुलांचा खेळ ऐका, एवढी एक मात्र कधी सांगितली नाही.